कॉलेज बदलू की एक टर्म थांबू?

हे बघ, आधी ठरव त्रास कॉलेजचा आहे की ब्रँचचा, कारण मेकॅनिकल इंजिनिअरिंग मुळातच आवडत नसेल तर पुणे सोडून नाशिकला गेलास तरी थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) तेच असणार. बदलायचंच असेल तर घाईत एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढू नकोस रे, आधी दोन्हीकडची एनओसी (ना-हरकत पत्र), तिकडे जागा रिकामी आहे का, विषय जुळतात का, हे सगळं लेखी घे. तब्येतीचं किंवा मनाचं असेल तर बिनधास्त थांब, पण रीतसर अर्ज देऊन, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून, नुसतं जाणं बंद केलंस तर ७५ टक्के हजेरी भरत नाही, टर्म ग्रँट होत नाही (म्हणजे टर्म पूर्ण धरत नाहीत) आणि परीक्षेलाच बसू देत नाहीत. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) स्कॉलरशिप असेल तर रिन्यूअलचं ऑफिसात आजच विचार. आणि घरी सांग, निकालाच्या आधी.