फायबरग्लासची बोट घरी बांधताना: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं घरी मोटरबोट बांधणाऱ्यांची आहेत. सगळ्यांच्या बोटींची लांबी साधारण 4 मीटरच्या आसपास आहे, म्हणून उत्तरांतले आकडेही त्याच मापाच्या बोटीचे धरले आहेत.

प्रश्न: एकच बोट हवी आहे. आधी नमुना, मग त्यावरून साचा, मग साच्यातून बोट, हे सगळं करावंच लागतं का?

एका बोटीसाठी नाही. तो मार्ग एकाच आकाराच्या अनेक बोटी काढणाऱ्यांचा. साचा बोटीच्या अंगापेक्षा निदान दुप्पट जाड लागतो, म्हणजे बोटीच्या आधीच दोन बोटींचं सामान संपतं.

तळ आणि बाजू सपाट पट्ट्यांच्या असतील, असा कडांचा आकार निवडा. मग पातळ, वाकणारे, गुळगुळीत लॅमिनेट लावलेले बोर्ड उभ्या चौकटींना आतून ठोकले की थेट साचा तयार होतो. बोर्ड जिथे मिळतात तो आतला कोपरा मात्र तसाच ठेवू नका. काचेची मॅट, म्हणजे काचेच्या आखूड तंतूंची गादी, काटकोनात बसत नाही, तिच्यामागे हवा राहते आणि पुढे नेमकी तीच कड टवका उडून फुटते. कोपऱ्यात प्लॅस्टिसिन दाबून बोटाने 10 ते 12 मिमी त्रिज्येची गोलाई द्या. मग सगळ्या साच्याला मेणाचे पाच-सहा हात द्या. प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासून चमकवायचा, मगच पुढचा. शेवटी पीव्हीएचा, म्हणजे बोट साच्याला चिकटू न देणाऱ्या द्रवाचा, पातळ थर, तोही पूर्ण सुकलेला. मेणाच्या बाबतीत केलेली कंजुषी बोट साच्यातून काढताना कळते, आणि तेव्हा हातात पहारीशिवाय काही उरत नाही.

दुसरा मार्ग मरीन प्लायचे तुकडे तारेने शिवून, सांधे इपॉक्सीने भरून वर काच चढवण्याचा. पहिल्या बोटीला तो सोपा जातो. पण तिथे चॉप्ड मॅट, म्हणजे वर सांगितलेली आखूड तंतूंची मॅट, वापरू नका, विणलेलं कापड घ्या. मॅटमधले तंतू धरून ठेवणारा चिकटा स्टायरिनमध्ये विरघळतो. स्टायरिन हे द्रावक पॉलिएस्टर रेझिनमध्ये असतं, इपॉक्सीत नसतं. आणि वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टरचे थर देऊ नका, ते नीट धरत नाहीत. उलट, घासून साफ केलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरते.

प्रश्न: सामान किती आणावं?

आधी क्षेत्रफळ मोजा. 4 मीटरच्या बोटीचं बाहेरचं अंग अंदाजे 10 चौरस मीटर धरू, त्यातला तळ 5.

जेलकोट, म्हणजे साच्यात सगळ्यात आधी लावायचा आणि बोटीचा बाहेरचा पृष्ठभाग होणारा रंगीत थर, दर चौरस मीटरला 600 ग्रॅम, म्हणजे 6 किलो. मग सगळ्या अंगाला क्रमाने 300 ग्रॅमची मॅट, 450 ची मॅट, 600 चं वोव्हन रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड), पुन्हा 450 ची मॅट; हे आकडे दर चौरस मीटरच्या वजनाचे. तळाला त्यावर आणखी एक रोव्हिंग आणि एक 450 ची मॅट. मॅटला तिच्या वजनाच्या अडीचपट रेझिन लागतं, रोव्हिंगला वजनाइतकंच. या हिशेबाने काच सव्वातेवीस किलो आणि रेझिन सुमारे 45 किलो होतं. कापताना आणि भांड्यात वाया जाणाऱ्यासाठी दहा-पंधरा टक्के वर धरा. बाजू साडेतीन मिमीच्या, तळ पाच मिमीच्या वर भरतो. आडव्या-उभ्या पट्ट्या, डेक, ट्रान्सम (बोटीची मागची, इंजिन बसतं ती भिंत) यांचा हिशेब वेगळा.

रोव्हिंगवर थेट रोव्हिंग नको. दोन विणी एकमेकींवर नुसत्या रेझिनच्या आधाराने बसतात आणि लाटेचे तडाखे बसले की थर सुटतात. मध्ये मॅट असली की तिचे मोकळे तंतू वरच्या-खालच्या विणीत शिरून धरून ठेवतात.

काम करताना नजर पांढऱ्या रंगावर ठेवा. आधी पृष्ठभागावर रेझिन लावा, त्यावर मॅट टाका, म्हणजे रेझिन खालून वर चढतं. मिनिटभरात पांढरी मॅट पारदर्शक होत जाते. ब्रश टोचत चाला, ओढू नका. चिकटा विरघळलेला असतो, ओढलेली मॅट तिथे विरविरीत होते. मग दातेरी धातूचा रोलर मधून कडेकडे फिरवा. जो ठिपका पांढरा राहतो तिथे सुकी काच आहे किंवा हवा. खड्ड्यात तकाकणारं डबकं साचलं तर रेझिन जास्त झालं. ते दुसऱ्या जागी ओढा. जास्त रेझिनने बोट मजबूत होत नाही, फक्त जड आणि ठिसूळ होते.

प्रश्न: जेलकोट दोन ठिकाणी मगरीच्या कातडीसारखा सुरकुतला. मटेरियल खराब असेल का?

शक्यता फार कमी. जेलकोट तिथे पातळ राहिला होता, किंवा पुरता वाळण्याआधी त्यावर रेझिन आलं. अर्धवट जेलकोटमध्ये वरच्या रेझिनचं स्टायरिन शिरतं, तो फुगतो आणि जागा नाही म्हणून सुरकुततो. ओला थर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड हवा, आणि तो दातेरी गेजने जागोजागी मोजायला हवा. डोळ्यांना जाडी कळत नाही. कडेला बोट टेकवून पाहा: चिकट लागला पण बोटाला रंग आला नाही, की पहिला थर द्यायचा. फार दिवस तसाच ठेवलात तर तो आकसून साच्यापासून सुटतो, म्हणून शक्यतो त्याच दिवशी.

सुरकुतलेला भाग खरवडून काढून तेवढ्यात नवा भरण्याला पर्याय नाही. पहिली 300 ची मॅट एकटीच देऊन वाळू द्या, उजेडात बुडबुडे शोधा, पात्याने कापून भरा, मग पुढे जा. ही मॅट पावडर चिकट्याची आणि हे रेझिन आयसोफ्थॅलिक (पाण्याला जास्त दाद न देणारं पॉलिएस्टर) घेतलंत, तर पुढे जेलकोटखाली पाण्याचे फोड येण्याचा धोका बराच घटतो.

प्रश्न: एक भांडं दुसऱ्या दिवशीही चिकट होतं, दुसऱ्यातून दहा मिनिटांत धूर आला. दोन्हींत हार्डनर अंदाजानेच घातला होता.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं एमईकेपी, रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के. किलोला 15 ग्रॅम धरून सुरुवात करा आणि ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच मोजा. 1 टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन कधीच पूर्ण घट्ट होत नाही, आणि नंतर वरून हार्डनर फासून ते सुधारत नाही, खरवडावंच लागतं. जास्त घातलंत तर घट्ट होताना निघणारी उष्णता भांड्यात कोंडते. खोल डब्यात तेच रेझिन भडकतं, पसरट तबकात शांत राहतं. एका वेळी किलोभरच कालवा. धूर दिसला तर भांडं बाहेर वाळूवर ठेवा, झाकण लावू नका. याच कारणाने एका दमात तीन-चारपेक्षा जास्त थर चढवू नयेत, उष्णतेने अंग वाकडं होतं. काम 18 ते 25 अंशांत, कोरड्या हवेत करा.

वाळलेल्या थराचा वरचा पापुद्रा किंचित चिकट राहणं हा मात्र दोष नाही. हवेतला ऑक्सिजन तो पूर्ण घट्ट होऊ देत नाही, आणि त्यामुळेच पुढचा थर चांगला धरतो. अगदी शेवटच्या हातात मेण मिसळलेलं रेझिन द्या, ते कोरडं होतं.

एक गोष्ट कधीही करू नका: हार्डनर आणि कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगाने करवणारं द्रव) एकमेकांत थेट मिसळणं. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर 15 मिनिटं सतत पाण्याने धुवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. म्हणून चष्मा आधीच लावा.

प्रश्न: धुळीचा मास्क पुरेल का?

घासताना पुरेल. रेझिनच्या वाफेला पुरणार नाही, तिथे ऑरगॅनिक व्हेपरचं, म्हणजे रसायनांच्या वाफा शोषणारं, काडतूस असलेला रेस्पिरेटरच लागतो.

प्रश्न: 15 अश्वशक्तीचं आउटबोर्ड लावायचं आहे. ट्रान्सम कसा असावा?

18 मिमी मरीन प्लायचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून दोन्ही बाजूंनी काच, म्हणजे जाडी 40 मिमीच्या आसपास. उंची इंजिनच्या शाफ्टवर ठरते: शॉर्ट शाफ्टला 15 इंच, लाँगला 20. इंजिन हाती आल्यावरच ट्रान्समची वरची कड कापा. तळाशी आणि बाजूंना मिळणाऱ्या कोपऱ्यात पुट्टीची गोलाई देऊन काचेच्या पट्ट्या पायरीपायरीने रुंद करत 100 मिमीपर्यंत न्या. बोल्टची भोकं हा ट्रान्समचा खरा शत्रू. भोक आधी मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यात नेमक्या मापाचं पाडा. मग पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही.

बोट साच्यात असतानाच लांब पट्ट्या आणि ट्रान्सम आत बसवा. मोकळं अंग बाहेर काढलं की पसरतं.

प्रश्न: बुडू नये म्हणून आत थर्माकोल भरला तर चालेल का?

पॉलिएस्टरच्या कामात नाही. स्टायरिन त्याला क्षणात विरघळवतं. बंद पेशींचा पीयू फोम घ्या, लिटरभर फोम साधारण 0.97 किलो वजन तोलतो. फायबरग्लास पाण्यात बुडल्यावर त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच जड राहतो. अंगाचे (जेलकोट, काच आणि रेझिन मिळून) 75 आणि आतल्या कामाचे 30 मिळून 105 किलो, त्याचे 35. इंजिनचे 50 पूर्ण धरा. बोटीला धरून तरंगणाऱ्या माणसांसाठी आणखी 45. एकूण 130, म्हणजे फोम 135 लिटर.

तो सगळा तळात भरू नका, नाहीतर पाण्याने भरलेली बोट उलटी होऊन तरंगेल. बराचसा दोन्ही बाजूंना वरच्या कडेखाली आणि इंजिनजवळ ठेवा. मग कमरेएवढ्या पाण्यात, इंजिनच्या जागी तेवढंच वजन बांधून, बोट मुद्दाम काठोकाठ भरून पाहा. ती सरळ उभी राहिली तरच इंजिनचे बोल्ट आवळा.