काळीज नेमकं कुठं असतं?

प्रिय सई,

आज्जी तुला 'माझ्या काळजाचा तुकडा' म्हणते आणि रविवारी आजोबांना 'मटणाबरोबर पाव किलो काळीज आणा' म्हणून पिटाळते. मग काळीज म्हणजे हृदय की यकृत, हा तुझा प्रश्न. (तू 'काळजीचा तुकडा' लिहिलंयस. काळजी वेगळी, काळीज वेगळं.)

अवयव म्हणून काळीज म्हणजे यकृतच. संस्कृतातल्या 'कालेय'वरून शब्द आला, त्याचा अर्थही तोच. खाटकाच्या दुकानात याबाबत गोंधळ नसतो. काळीज किंवा कलेजी मागितली की गडद तांबूस, गुळगुळीत यकृत मिळतं. हृदयाला तिथं 'दिल' म्हणतात, मूत्रपिंडाला 'गुर्दा'.

बोलण्यात मात्र काळजानं हृदयाची जागा कधीच बळकावली आहे. ठोका चुकतो तो काळजाचा. यकृताला कुठला आलाय ठोका? धाडसी माणसाचं काळीज वाघाचं, भित्र्याचं सशाचं, निर्दयी माणूस उलट्या काळजाचा. फार सोसलं की काळजाला घरं पडतात. फारसीतून आलेल्या 'जिगर'चंही तेच. मूळ अर्थ यकृत, पण कोल्हापूरच्या तालमीत जिगरबाज म्हणजे न हटणारा पैलवान. डॉक्टरांपुढं मात्र 'काळजात दुखतंय' म्हणू नकोस, ते छाती तपासतील. यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं, मोठ्या माणसाचं साधारण दीड किलोचं.

'पित्त खवळलं' हेही इथलंच. पित्त यकृतात तयार होतं आणि त्याला चिकटलेल्या पिशवीत साठतं. बोकड सोलल्यावर खाटीक ती हिरवट पिशवी अलगद काढतो. ती फुटली तर पित्त लागलेला भाग कडूजहर होतो आणि कितीही धुतला तरी कडूपणा जात नाही, तेवढा कापूनच टाकावा लागतो. आज्जी काळीज उलटंपालटं करून बघते ते हिरवा-पिवळा डाग आहे का म्हणून. इकडं सुपरमार्केटात ते साफ करून डब्यात बंद येतं, यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तिच्याजवळ उभी राहून नीट बघ.

वरचा पातळ पापुद्रा ती ओढून काढेल आणि पांढऱ्या नळ्या कापून टाकेल. त्या राहिल्या तर दाताखाली रबरासारख्या येतात. मग इंचभर तुकडे, दोनदा धुऊन चाळणीत निथळायला. ओलं राहिलं तर कढईत पाणी सुटतं आणि काळीज परतण्याऐवजी उकडत बसतं. पाव किलोला दोन मोठे चमचे तेल, एक कांदा तांबूस होईपर्यंत, चमचाभर आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, पाव चमचा हळद, दीड चमचा कांदा-लसूण चटणी. चटणी करपायला वेळ लागत नाही, म्हणून लगेच पाण्याचा हबका. तुकडे मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतायचे, मग झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं. चटणीत मीठ असतंच, त्यामुळं वरचं मीठ शेवटी, चव बघून.

कुकरला अजिबात लावायचं नाही. मटणातले चिवट धागे मऊ पडायला वेळ लागतो, काळजात ते फारच कमी. जास्त शिजलं की आतलं पाणी निघून जातं आणि तुकडा कोरडा, वातड होतो. एक तुकडा मोडून बघ. आत लाल रस दिसला तर अजून दोन मिनिटं. कच्चं खायचं नाही. रश्श्यात घालायचं असेल तर मटण शिजल्यावर, शेवटच्या दहा मिनिटांत.

काळीज टिकत नाही, आणलं त्या दिवशीच करायचं. आजोबांना सकाळी लवकर पाठव, प्रत्येक बोकडाला काळीज एकच, उशिरा गेलं की संपलेलं असतं. आणि हे सगळं याच रविवारी बघून घे. आखाड संपत आलाय. श्रावण लागला की आज्जी महिनाभर मटणाचं भांडंसुद्धा खाली काढणार नाही.

तुझा,
बाबा