वकिली करून अमेरिकन फुटबॉल लीगच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात, सोमवारी पहाटेपर्यंत जागून एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) सामने बघता आणि पुढे ‘स्पोर्ट्स लॉयर’ होऊन लीग चालवणाऱ्यांमध्ये जायचा विचार आहे. मी कामगार कायद्यात वकिली करतो, तीही कारखान्यांच्या प्रकरणांत. तरी उत्तर द्यावंसं वाटलं, कारण तुम्हाला हवा असलेला रस्ता बराचसा माझ्याच विषयातून जातो.

एनएफएलचे माजी कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, पॉल टॅग्लियाबू यांचं उदाहरण घ्या. जॉर्जटाउन विद्यापीठात हा उंचापुरा माणूस खेळायचा बास्केटबॉल, फुटबॉल नव्हे. १९६५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याची पदवी, मग काही वर्षं संरक्षण खात्यात नोकरी आणि १९६९ पासून वॉशिंग्टनच्या कव्हिंग्टन अँड बर्लिंग या फर्ममध्ये. एनएफएल या फर्मची अशील. वीस वर्षं त्यांनी लीगचं काम बाहेरून केलं आणि १९८९ मध्ये थेट कमिशनर झाले. तेही सहज नाही. जुन्या मालकांना न्यू ऑर्लिन्स सेंट्स या क्लबचे व्यवस्थापक जिम फिंक्स हवे होते आणि ती निवड कित्येक महिने अडून राहिली होती.

कमिशनर हा क्लबमालकांनी मतदान करून नेमलेला पगारी माणूस असतो. आपल्याकडे नागपूरचे शशांक मनोहर वकील असून बीसीसीआयचे अध्यक्ष आणि पुढे आयसीसीचे चेअरमन झाले, पण त्यांची वाट विदर्भ क्रिकेट संघटनेतून गेली. ती तुलना इथे फारशी लागू पडत नाही.

आता मालकांना वकीलच का हवासा वाटला? एनएफएलचे क्लब कायद्याने वेगवेगळे धंदे आहेत. त्यांनी एकत्र बसून खेळाडू कुणी घ्यायचा, पगार किती आणि क्लब कधी बदलता येईल हे ठरवलं, तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली संगनमताचा गुन्हा ठरू शकतो. बचाव एकच: या अटी खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून सामूहिक करारात आलेल्या असल्या, तर कोर्ट सहसा हात घालत नाही. म्हणजे युनियन असणं ही मालकांचीच ढाल!

१९८७ चा संप मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून मोडला. त्यावर युनियनने जे केलं ते मला आजही अफलातून वाटतं. १९८९ च्या अखेरीस तिने युनियन म्हणून असलेला आपला दर्जाच सोडून दिला. युनियन नाही, मग सामूहिक करार नाही आणि ढालही नाही. फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडू कोर्टात गेले. १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने खेळाडूंना क्लबशी बांधून ठेवणारा नियम बेकायदा ठरवला. पाठोपाठ रेजी व्हाइट यांच्या नावाने सगळ्या खेळाडूंच्या वतीने दावा आला. इथे टॅग्लियाबूंमधला वकील कामी आला. अपिलात वर्षं घालवण्याऐवजी त्यांनी युनियनचे नेते जीन अपशॉ यांच्याशी थेट बोलून १९९३ मध्ये तडजोड केली. खेळाडूंना मुदतीनंतर क्लब बदलायची मोकळीक मिळाली आणि मालकांना १९९४ पासून पगाराची कमाल मर्यादा: प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर. २००६ मध्ये ते निवृत्त होईपर्यंत संपामुळे किंवा टाळेबंदीमुळे एकही सामना बुडाला नाही. कामगार कायद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र सुचणार नाही. टीव्हीचे करार, २८ चे ३२ संघ वगैरे बाकीचं सगळं या शांततेच्या जोरावर झालं, असं माझं मत.

पण वकिली डोक्याचा तोटाही याच कारकिर्दीत दिसतो. डोक्याला मार बसून होणाऱ्या इजांवर १९९४ मध्ये लीगने समिती नेमली. तिचे प्रमुख होते सांधेरोगाचे डॉक्टर, मेंदूचे नव्हेत. त्याच वर्षी टॅग्लियाबूंनी जाहीरपणे हा विषय पत्रकारांनी कळपाने उचलून धरल्याचं म्हटलं. समोरच्याने पुरावा आणेपर्यंत काही मान्य करायचं नाही ही आमची सवय. खटल्यात ती चालते, खेळाडूच्या मेंदूबाबत नाही. त्या शब्दांबद्दल त्यांनी २०१७ मध्ये माफी मागितली. फुटबॉलमधल्या दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड २०२० पर्यंत रखडली, त्यामागे हेही एक कारण होतं.

क्लबच्या आतून वर जायचं असेल तर एमी ट्रास्क यांची कारकीर्द बघा. कायदा शिकताना रेडर्स या एनएफएल क्लबच्या कायदा विभागात इंटर्न, १९८७ मध्ये तिथेच नोकरी आणि १९९७ ते २०१३ क्लबच्या सीईओ.

तुमच्यासाठी व्यवहाराचं: ‘स्पोर्ट्स लॉ’ नावाच्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालू नका. कामगार कायदा, स्पर्धा कायदा आणि करार पक्के करा. २०१३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने आयपीएलवरून बीसीसीआयला ५२ कोटींचा दंड केला होता (तो पुढे अपिलात रद्द झाला). तो आदेश वाचलात तर वरचा सगळा वाद ओळखीचा वाटेल. अमेरिकेत जायचं तर तिथे एलएलएम आणि न्यूयॉर्कची बार परीक्षा हा नेहमीचा मार्ग. मात्र पहिली नोकरी लीगमध्ये मिळेल असं धरून कर्ज काढू नका. मोठ्या फर्मच्या कामगार किंवा अँटीट्रस्ट (मक्तेदारीविरोधी कायदा) विभागात अर्ज करा. लीगची कामं तिथेच येतात.