आचेची तलवार पारखताना

सुमात्राच्या आचेमधली तलवार हातात आली की पात्याआधी मूठ बघ. सिकिन पांजांग या तिथल्या तलवारीचं पातं सरळ, एकधारी असतं, तिला हात झाकणारी परज नसते आणि मूठ टोकाला दुभंगलेली असते. हा तिथला जुना घाट. पउदेउएंग या तिथल्याच दुसऱ्या तलवारीच्या काही मुठींना मात्र परज आणि वर गोल वाटी दिसेल. ती आपल्याकडच्या तलवारीची ओळखीची ठेवण आहे, भारताशी चाललेल्या व्यापारातून आलेली. पण एवढ्यावरून तिला थेट भारतीय ठरवू नकोस. वाकडं पातं दिसलं की लगेच तुर्की म्हणायची घाईही नको. सोळाव्या शतकात आचेच्या सुलतानाने तुर्कांच्या ऑटोमन दरबारी वकील पाठवले होते हे खरं, पण तो काही पात्याचा पुरावा नव्हे. पात्यावर शिक्का किंवा अक्षरं असतील तर ते युरोपातून आलेलं असू शकतं.

खरी फसगत म्यानात होते. लाकडाचे दोन अर्धे जोडून वरून वेत किंवा धातूच्या पट्ट्या आवळलेल्या असतात. पट्टी उचकटून बघू नकोस, सांधा उघडतो. पातं शेवटपर्यंत न अडकता जातं का, आत रिकामी जागा उरते का, एवढं तपास. पातं अडकत असेल किंवा जागा उरत असेल तर म्यान दुसऱ्या तलवारीचं असण्याचा संभव मोठा. लालसर पट्टी सुआसाची, म्हणजे सोनं-तांब्याच्या मिश्रधातूची असू शकते. चिंच-लिंबाने अजिबात घासू नकोस.