एफडी मोडून फिल्म कॅमेरा घेऊ का?

प्रश्न: वय 29, नागपूरला मिहानमध्ये नोकरी, हातात 45 हजार येतात, घरखर्च 30 हजार, एसआयपी 5 हजार. एफडी 1 लाख 10 हजारांची. सीताबर्डीत एक जण निकॉन एफएम2 आणि 50 एमएम लेन्स 38 हजारांत देतोय, हातात घेतल्यापासून दुसरं काही सुचत नाही. एफडी मोडू का? जुने कॅमेरे महागच होताहेत, म्हणजे गुंतवणूकच झाली ना?

उत्तर: भाऊ, गुंतवणूक हे आधी डोक्यातून काढा. एफएम2 1982 ला आला आणि पुढं जवळपास वीस वर्षं बनत होता, म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही, विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पहिले लेन्समध्ये बुरशी शोधणार. पण हौस म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने आहे. रोल पुढं सरकवायचा लिव्हर अंगठ्याने ओढला की आतले दाते फिरताना बोटाला कळतात, अ‍ॅपर्चरची (लेन्समधून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी) रिंग टक टक करत एकेक घर सरकते, शटरला बॅटरी लागतच नाही, ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला याची ओढ लागणारच, त्यावर पैसे घालवणं मला उधळपट्टी वाटत नाही.

फक्त एफडीला हात लावू नका. अडीअडचणीला सहा महिन्यांचा खर्च म्हणजे 1 लाख 80 हजार पाहिजेत, तुमचे आधीच कमी, त्यातून 38 काढले तर 72 उरले, अडीच महिनेही निघणार नाहीत. कार्डावर घेऊन बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांहूनही जास्त व्याज लागू शकतं, ते तर नकोच.

आणि खरी गोम रोलमध्ये आहे. कलर रोल, डेव्हलप, स्कॅन, कुरिअर धरून दीड हजाराच्या आसपास जातात, फोटो 36, म्हणजे एका क्लिकला चाळीसेक रुपये. महिन्याला दोन रोल मारले तर वर्षात 36 हजार, जवळजवळ दुसरा कॅमेराच! म्हणून आधी कुणाचा तरी उसना घेऊन दोन रोल मारून बघा.

तरी जीव अडकलेला असेल तर महिन्याला उरणाऱ्या 10 हजारांतले 6 हजार आरडीत टाका, 4 हजार अडचणीच्या फंडात, सात महिन्यांत कॅमेरा आणि दोन-तीन रोल निघतात. तोवर हा विकला गेला तर जाऊ द्या, पेंटॅक्स के1000 बघा, तोही पूर्ण मेकॅनिकल आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

घेताना 1 सेकंदावर शटर ठेवून ते अडकत तर नाही ना, ऐका, मागून मोबाईलचा टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशीची जाळी दिसते का बघा. झाकणाची फोमपट्टी चिकट झाली असेल तर थोडक्या पैशांत बदलून मिळते, तेवढा भाव पाडून घ्या. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, ती दिसली तर कितीही कमी केले तरी घेऊ नका.