तारेतला गंधार, पट्टीवरचा गंधार

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, मडगावला पियानो शिकते. आमच्या बाई सारख्या म्हणतात, ‘सूर बरोबर आहे, रंग नाही.’ पण पट्टी दाबली की हातोडी उडते आणि तारेवर आपटते. त्यात बोटानं रंग कुठून आणायचा? दुसरं म्हणजे, परवा त्रिस्तां म्युराय या फ्रेंच संगीतकाराची पियानोची एक रचना ऐकली. जवळजवळ अर्धा तास, आणि पेडल पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबलेलंच. आई गाणं शिकलेली आहे. ती आतून म्हणाली, ‘तानपुऱ्यासारखं काय लावलंयस हे?’ तिचं खरं आहे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तुला एकेरीच लिहिते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

आईला आधी सांग, कान फार चांगला आहे तुमचा. मी ३१ वर्षं पियानो लावते, म्हणजे सुरात आणते आहे, पण त्याआधीचं सगळं बालपण मिरजेत गेलं, तंतुवाद्यांच्या एका कारखान्याच्या मागच्या घरात. शाळेतून आलं की मी जवारी लावणाऱ्या, म्हणजे तारेखालची घोडी घासून तारेला झंकार आणणाऱ्या काकांपाशी जाऊन बसायची. ते घोडीवर कानस एकदा फिरवायचे, तार छेडायचे, ऐकायचे, पुन्हा कानस. मग तारेखाली दोरा सरकवायचे. दोरा केसभर हलला की मघापर्यंत मुकी असलेली तार बोलू लागायची. छेडली एकटी खर्जाची तार, आणि ऐकू यायचा गंधार! तो कुणी वाजवला, असं मी विचारलं. काका म्हणाले, ‘कुणी नाही. तो आतच असतो, त्याला वाट करून द्यायची.’ हे वाक्य डोक्यात ठेवूनच मी पुढे पियानोकडे गेले.

आता बाईंचं. हातोडी तारेपासून दोनेक मिलिमीटरवर आली की ती पट्टीपासून सुटते. पुढचा प्रवास तिचा एकटीचा. त्यामुळे तुझी शंका रास्त आहे, बोटाच्या हाती फक्त तिचा वेग उरतो. पण वेग म्हणजे नुसता आवाज लहान-मोठा होणं नव्हे. हातोडीवरचं फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, हळू लागलं तर मऊ असतं, जोरात लागलं तर दबून टणक होतं, आणि टणक हातोडी वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पोटात दडलेले उंच सूर, जास्त उठवते. आईच्या परीक्षेच्या पुस्तकात नादाचे तीन गुण दिलेले असतील : उंची, लहानमोठेपणा आणि जाती. पियानोत शेवटचे दोन एकमेकांना बांधलेले आहेत. म्हणून एका सुट्या सुराचा रंग वेगळा काढता येत नाही, पण एकदम वाजवलेल्या चार सुरांच्या कॉर्डमध्ये कुठल्या बोटाला किती वजन द्यायचं ते तुझ्या हातात आहे. बाई बहुतेक तेच मागताहेत.

आणि एकदा हातोड्या उघडून बघ. फेल्टवर तारांचे खोल चरे पडले असतील, तर दोष बोटाचा नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात फेल्ट ओल धरतं आणि सूर बोदा होतो, तर जुनं घट्ट झालेलं फेल्ट पत्र्यासारखं वाजतं. मग आम्ही त्यात सुया टोचून ते सैल करतो. हे काम तानपुऱ्याच्या जवारीइतकंच नाजूक आहे. एक टोचा जास्त झाला तर तो परत घेता येत नाही.

तू ऐकलेली रचना १९७७ची असणार, ‘विस्मृतीचे प्रदेश’ असा तिच्या नावाचा अर्थ. म्युराय आणि त्याच्या पिढीच्या काही पॅरिसकरांनी १९७३मध्ये ‘लितिनेरेर’ नावाचा गट काढला. स्वरांच्या ओळी रचण्याऐवजी एका नादाच्या पोटात काय आहे ते उघडायचं, आणि त्यातूनच संगीत वाढवायचं, ही त्यांची ओढ. त्यांच्यातल्याच जेरार ग्रिझेनं १९७५च्या ‘पार्सिएल’ या रचनेत ट्रॉम्बोनच्या एका खालच्या ‘ई’ सुराचे उपस्वर १८ वादकांमध्ये वाटून दिले. या विचाराला पुढे ‘स्पेक्ट्रल’ संगीत असं नाव पडलं.

पियानोवर हे करणं अवघड, कारण पट्ट्या ठरलेल्या. अर्ध्या सुराचे १०० भाग धरले, तर पियानोचा गंधार तारेतल्या स्वयंभू गंधारापेक्षा जवळपास १४ भाग चढा असतो. तारेतला सातवा उपस्वर पट्टीवरच्या कोमल निषादापेक्षा ३१ भाग उतरलेला. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो, त्याला पट्टीच नाही. ग्रिझेनं १९९६मध्ये पूर्ण केलेल्या ‘व्हॉर्टेक्स टेम्पोरुम’मध्ये पियानोचे चार सूर पाव सुरानं उतरवायला लावले. म्युरायनं इथे निराळी वाट धरली. पेडल दाबून सगळे डॅम्पर, म्हणजे तारा गप्प करणाऱ्या गाद्या, वर उचलून ठेवले, म्हणजे वाजवलेल्या सुराबरोबर न वाजवलेल्या ताराही सतारीच्या तरफांसारख्या झंकारत राहतात. वादक एक गुंजन पोसत राहतो आणि त्यातून नवे सूर वर येतात. मला ही रचना मनापासून आवडते. पियानोवर हातोडीच्या ठोक्यापेक्षा मागे राहणारा नाद मोठा ठरतो, हे इतक्या धीरानं दाखवणाऱ्या फार थोड्या रचना मी ऐकल्या आहेत.

तरीही तानपुरा तो नव्हे. तानपुऱ्याची तार छेडली की वरचे उपस्वर नंतर उजळत जातात. जवारी ती ताकद वर चढवते. पियानोत उलट. ठोक्याच्या क्षणी सगळं चकाकतं, मग वरचे उपस्वर आधी विझतात आणि खालचा गोलसर नाद मागे उरतो. एक उमलतो, दुसरा मिटतो. आणखी एक फरक असा की पियानोची पोलादी तार ताठ असते, त्यामुळे तिचे उपस्वर थोडे थोडे चढत जातात. खालच्या सप्तकात मधूनच घंटा वाजल्यासारखं वाटतं, त्यात या चढण्याचाही वाटा आहे.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात असताना या दोन्ही वाद्यांवर काम केलं होतं. १९२०मध्ये पियानोच्या हातोडीच्या आघातावर एका सहकाऱ्याबरोबर निबंध लिहिला, आणि १९२१मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, म्हणजे त्या उपस्वरात तार जिथे हलतच नाही, तो उपस्वर नियमानं उठायला नको. तानपुऱ्यात तोही ऐकू येतो, हे त्यांनी टिपलं. काकांनी हा निबंध पाहिला नव्हता, पण ते रोज ज्याला वाट करून देत होते ते हेच.

आता पियानोशी बस. मधल्या ‘सी’पासून दोन सप्तकं खालचा ‘सी’ आवाज न होऊ देता हळूच दाबून धर. पेडल नको. मग मधल्या ‘सी’च्या वरचा ‘जी’ जोरात वाजवून लगेच सोड. खालची तार ‘जी’ गात राहील, कारण तो तिचा सहावा उपस्वर आहे. ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गनं १९०९मध्ये पियानोच्या एका रचनेत अशा मुक्या पट्ट्या वापरल्या आहेत. मग तसाच ‘ई’, म्हणजे ‘सी’ला सा धरलं तर गंधार, वाजव, तो क्षीण येईल. मघाचे १४ भाग आठव. मग ‘बी फ्लॅट’, म्हणजे कोमल निषाद, वाजवून बघ, जवळपास काहीच मागे राहणार नाही. आणि शेवटी डावं बोट उचल, खालचा ‘सी’ एकदा खणखणीत वाजव आणि पट्टी न सोडता तो पूर्ण विरेपर्यंत थांब. आईला शेजारी बसव. गंधार कुठे ऐकू आला आणि कधी गेला, ते दोघींनी वेगवेगळं लिहून ठेवा आणि दोन्ही कागद मला पाठवा.