महामार्गाचं काम टप्प्याटप्प्याने करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लांब पल्ल्याचा दुपदरी महामार्ग पुढे चौपदरी करायचा आहे, निधी मात्र हप्त्यांनी मिळणार आहे, मग टप्पे कसे पाडायचे? रस्त्यांच्या नियोजनाचं काम मी करतो आणि हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एका टोकाकडून रुंदीकरण सुरू करून पैसे संपतील तिथे थांबायचं, ही पद्धत सगळ्यात सोपी आणि बहुतेक वेळा सगळ्यात चुकीची. अख्खा रस्ता सारखाच तुंबत नाही. एखादा अरुंद पूल, गावातला चौक, चढावर रेंगाळणारे ट्रक, रेल्वे फाटक अशा मोजक्या जागा सगळ्या रस्त्याचा वेग ठरवतात. त्या सोडून मधला मोकळा पट्टा रुंद केला, तर लोक पुढच्या रांगेत फक्त लवकर जाऊन उभे राहतात.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. समजा, गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला १,८०० वाहनं येताहेत. वाटेत आधी एक पूल आहे, त्यावरून १,३०० जाऊ शकतात. पुढे एक चौक आहे, त्यातून १,५००. आज रांग फक्त पुलावर दिसते. चौक मोकळा वाटतो, कारण पूल त्याच्याकडे १,३०० च्या वर वाहनं सोडतच नाही. पूल रुंद केला की दुसऱ्या दिवसापासून चौक तुंबतो आणि फायदा पाचशेचा न होता दोनशेचाच होतो. वर रांग माळरानावरून उचलून थेट वस्तीत आणून ठेवली जाते. म्हणून नुसत्या आजच्या वाहतूक गणनेवर टप्पे ठरवू नका. रांगेच्या शेपटाशी किती वाहनं येऊन मिळतात ते मोजा, आणि एक अडथळा काढल्यावर पुढचा कुठे डोकं वर काढेल याचा हिशेब आधीच करा. या उदाहरणात मी चौकाचं काम पुलाबरोबर किंवा त्याच्या आधी घेईन. हाच हिशेब उलट्या दिशेनेही करायचा, ते विसरू नका.

दुसरा आग्रह: पहिला टप्पा सुरू होण्याआधी शेवटचा रस्ता कागदावर पूर्ण आखलेला हवा. भूसंपादन अंतिम रुंदीचं आणि शक्यतो एकदाच करावं, कारण रस्ता सुधारला की कडेला बांधकामं उभी राहतात आणि तीच जमीन नंतर फार महाग पडते, शिवाय माणसं दोनदा विस्थापित होतात. विजेचे खांब, पाण्याच्या वाहिन्या, केबल हे सगळं अंतिम हद्दीच्या कडेला हलवावं. मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याचे छोटे पूल, पूर्ण रुंदीच्याच बांधाव्यात. मोरी नंतर लांबवण्याचा खटाटोप आज वाचणाऱ्या पैशांच्या मानाने फार मोठा असतो. आणि जमीन मिळत असेल तिथे रुंदीकरण दोन्ही बाजूंना थोडं थोडं न करता एकाच बाजूला करावं. जुना रस्ता चालू ठेवून शेजारी नवा दुपदरी रस्ता बांधता येतो, मग वाहतूक नव्यावर वळवून जुन्याची दुरुस्ती करता येते. दोन्ही बाजूंना खणलेल्या अरुंद पट्टीतून रात्री ट्रक जातात तेव्हा काय होतं, हे त्या रस्त्यावरच्या गावांना विचारा.

सुरक्षिततेची कामं रुंदीकरणाची वाट पाहत थांबवू नयेत, याबाबत मी हट्टी आहे. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात. एकपदरी गोल चौकात अशा जागा ८ उरतात. गोल चौक, वळणाची वेगळी लेन, पायी जाणाऱ्यांसाठी मध्ये थांबायला सुरक्षित जागा, दिवे, ही कामं चौपदरीकरणाच्या मानाने किरकोळ खर्चाची असून जीव वाचवतात. स्वीडनने १९९८ पासून अनेक १३ मीटर रुंद रस्त्यांवर तीन लेन आखून मध्ये तारेचा कठडा बसवला. ओलांडून पुढे जाण्याची जादा लेन आलटूनपालटून दोन्ही दिशांना मिळते. पूर्ण चौपदरीकरण न करताही तिथे समोरासमोरच्या धडका आणि मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. तुमच्या रस्त्यावर जड वाहतूक फार असेल तर हा उपाय कायमचा नाही, पण मधला टप्पा म्हणून विचारात घ्यावा.

मऊ जमिनीवरचे भराव पहिल्याच टप्प्यात टाका. त्यांना बसायला महिनोन्‌महिने लागतात.

डांबरी थरांचेही टप्पे करता येतात: पाया पूर्ण जाडीचा, वरचा थर काही वर्षांनी. पण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्त्यांच्या मोठ्या चाचणीतून आलेला ढोबळ नियम लक्षात ठेवा: वाहनाच्या आसावरचा (ॲक्सलवरचा) भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते. जादा भरलेले ट्रक असतील आणि पुढचा निधी लांबला, तर खालचे थरही जातात. पैशाची खात्री नसेल तर कमी लांबी घ्या, पण जाडी पूर्ण ठेवा.

टप्पा कुठे संपवायचा, यालाही टप्पा कुठे सुरू करायचा याइतकंच महत्त्व द्या. चार लेनवरून वेगात आलेला चालक अचानक दोन लेनवर येतो, ती जागा वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलाच्या तोंडाशी किंवा गावाच्या वेशीवर नको. निधी आणखी अर्धा किलोमीटर पुरत नसेल, तर टप्पा अलीकडेच सरळ, दुरून दिसणाऱ्या जागी संपवा. लेन हळूहळू निमुळती करा, फलक बरेच आधी लावा, आणि रस्ता खुला झाल्यावर तिथले वेग आणि अपघात पहिल्या महिन्यापासून नोंदवा. पुढच्या टप्प्याचा क्रम बदलायचा की नाही, हे त्या नोंदी पाहून ठरवा.